तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बाहुलीचा गुण आला का?

नाही, मूल झालं नाही. दिवाणखान्यातली काळी लाकडी बाहुली पाहून सगळ्यांना विचारायचं असतं ते हेच, म्हणून आधीच सांगून टाकते. आणि ती करणीचीही नाही.

ती अकुआबा. घानातले अकान लोक सांगतात, अकुआ नावाच्या बाईला मूल होत नव्हतं. पुजाऱ्याने सांगितलं म्हणून तिने लाकडाचं बाळ कोरून घेतलं आणि पाठीला बांधलं. गाव हसलं. पुढे तिला मुलगी झाली. अकानांत कूळ आईकडून चालतं, त्यामुळे मुलगी हवीच. बहुतेक अकुआबाही मुलीच असतात. 'पुत्रवती भव' ऐकत वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

आम्ही तेव्हा घानातल्या कुमासी शहरात होतो. पाचव्या महिन्यात बाळ गेलं, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी पुण्यात होते. नंतर एका डोहाळजेवणाला सगळ्याजणी ओटी भरत असताना मला स्वयंपाकघरात वाढायला पाठवलं होतं. कुमासीत शेजारच्या आंटी आल्या. केजेतिया बाजारात त्या कापड विकायच्या. समजूत घातली नाही. 'वाक' म्हणाल्या, बाहुली पाठीवर ठेवली आणि कापड लपेटून छातीवर घट्ट खोचलं. थाळीसारखं चपटं डोकं माझ्या मानेखाली टेकलं. आडवे आखूड हात पाठीला रुतत होते. गळ्यावर बाळशाच्या वळ्या कोरलेल्या, त्याही कापडातून लागत होत्या. नळावर एका बाईने कापड जरा वर ओढून ते डोकं सावरलं आणि विचारलं, "झोपली का?" कुणी हसलं नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले. तोवर रडलेच नव्हते.

कॉलेजात असताना नवस बोलणाऱ्या मावशीशी मी कडाकडा भांडले होते. माझ्यातली ती मुलगी अजून विचारते, मग तू का बांधलीस? आंटींनी बाहुली अह्विआ गावच्या कारागिराकडून कोरून घेतली होती, देवस्थानात नेऊन आणली होती. तिथे काय केलं ते मी विचारलं नाही. विश्वास नव्हता म्हणावं, तर रात्री सोडताना तिला कधी पालथी ठेवली नाही. होता म्हणावं, तर मूल झालं नाही तेव्हा तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

परवा भाचीने बाहुली मागितली. तिचंही नुकतंच बाळ गेलंय. द्यायला माझी ना नाही. पण तिच्या सोसायटीत तिला "झोपली का?" असं कोण विचारणार? अजून तिला काही कळवलेलं नाही.