आरसी ३९० चा मॅप, रत्नागिरीच्या हवेत

मॅप म्हणजे कुठल्या आरपीएमला, किती रेसवर किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता. मागच्या नोंदीत बेंडपाइपला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला, वाइडबँड सेन्सरसाठी (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) नट वेल्ड करून घेतला, तिथपर्यंत आलो होतो. त्यानंतर अडीच महिने गेले. त्यातले तीन आठवडे चुकीच्या आकड्यांच्या मागे गेले आणि या नोंदीतला महत्त्वाचा भाग तोच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख. केटीएम आरसी ३९०, २०१६ चं मॉडेल. म्हणजे केबलचा थ्रॉटल, राइड-बाय-वायर यायच्या आधीची. ८९ बाय ६० चा बोअर-स्ट्रोक, ३७३ सीसी, कंपनीच्या आकड्यानुसार ९५०० आरपीएमला साधारण ४३ अश्वशक्ती. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचेच आहेत आणि तसेच राहणार. कंपनीच्या ईसीयूलाही (इंजिन सांभाळणारा संगणक) हात लावलेला नाही. त्याच्या आणि इंजेक्टरच्या मध्ये पिगीबॅक नावाचा एक डबा बसवलाय, तो पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहील तेवढंच टक्क्यांनी कमी-जास्त करतो.

सुरुवातीचा मॅप कोल्हापूरच्या मित्राचा. गाडी हीच, पण त्याला मोकळा सायलेन्सर, आणि मॅप बसवलेला चार वर्षांपूर्वीच्या थंडीत. आंबा घाट चढून जाऊन फाइल घेतली, त्याच्याकडेच लोड केली आणि घाट उतरून घरी आलो. साखरप्याच्या खाली येईपर्यंत गाडी फार गोड वाटत होती. नवीन काही बसवलं की पहिल्या दिवशी गाडी सगळ्यांनाच गोड वाटते, म्हणून लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घ्यायचाच असं आधीच ठरवलं होतं.

पहिल्या लॉगमध्ये ३००० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात, अर्ध्याच्या आतबाहेर रेसवर, लॅम्बडा १.०६ ते १.०९ दिसला. लॅम्बडा १ म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं, वर गेला तर पेट्रोल कमी (लीन), खाली गेला तर जास्त (रिच). म्हणजे गाडी लीन. मी मॅपच्या त्या चौकटींमध्ये चार टक्के पेट्रोल वाढवलं. आकडा जेमतेम हलला. आणखी चार वाढवलं. आता बंदरावरून घरी येताना पेट्रोलचा वास येऊ लागला, सिग्नलला गाडी मिसिंग मारू लागली, अॅव्हरेज २८ वरून २३ वर आलं. सेन्सर मात्र अजूनही लीनच सांगत होता.

शेवटी गाडी गावातल्या काकांकडे नेली. त्यांची हयात टू-स्ट्रोकचे कार्बोरेटर लावण्यात गेली, लॅपटॉपशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. काजळीने काळाकुट्ट. म्हणाले, "हा प्लग बघ आणि तुझा आकडा बघ. दोघांतलं एक खोटं बोलतंय. प्लग कधी खोटं बोलत नाही रे बाबा."

मग थंड इंजिन सुरू करून त्यांनी साबणाचं पाणी बेंडपाइपच्या जोडावर टाकलं. हेडजवळचं गॅस्केट एका बाजूने फुंकत होतं, फ्लँजचा एक नट गंजून ढिला पडला होता. खारी हवा. समुद्रापासून आठशे मीटरवर गाडी उभी असते, तिथे लोखंडाचं जे होतं तेच.

नेमकं काय होत होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सिंगल सिलिंडरचा एक्झॉस्ट सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यानंतर पाइपमध्ये क्षणभर दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर मोजतो ऑक्सिजन. तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आला की फटीतून, हे त्याला कळायचा मार्ग नाही. वरच्या आरपीएमला ओघ मोठा असल्यामुळे फरक कमी पडतो, म्हणून चूक फक्त खालच्या पट्ट्यात दिसत होती. गाडीचा मूळचा ऑक्सिजन सेन्सरही (नॅरोबँड) त्याच फटीच्या पुढे, त्यामुळे क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल ठरवतो तेव्हा, तो स्वतःहूनही पेट्रोल वाढवत होता. वर माझे आठ टक्के. बिचारं इंजिन.

नवं गॅस्केट, नवे नट, कॉपर ग्रीस. वाढवलेलं सगळं पेट्रोल काढून टाकलं. दुसऱ्या दिवशीच्या लॉगमध्ये तोच पट्टा ०.९८ ते १.०१. म्हणजे तिथे मुळात काही बिघडलेलंच नव्हतं. सोबत सेन्सरच्या अर्थिंगचा कनेक्टरही उघडून पाहिला, पिनांवर हिरवट थर होता. साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वाइडबँड बसवल्यावर पहिल्याच दिवशी ही दोन कामं करावीत, माझी कळकळीची विनंती आहे. नट वेल्ड करताना सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर तिरपा राहील असं बघा, नाहीतर पाइपमधलं पाणी त्याच्यावर साचतं. आणि बसवलेला सेन्सर वीज न देता तसाच ठेवून गाडी चालवू नका.

आता खरं काम. जवळपास डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नाही, म्हणून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढणारा आतला एक रस्ता निवडला. उजाडताच, दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण रेस, ४००० ते ९००० आरपीएम. दुसऱ्या गिअरमध्ये वेग ऐंशीच्या आतच राहतो आणि चढामुळे इंजिनावर लोड हवं तितकं येतं. अशी एक धाव म्हणजे एक ओढ. प्रत्येक मॅपच्या दहा ओढी आणि त्यांना लागलेल्या वेळाची सरासरी. मित्राच्या मॅपवर २.९२ सेकंद.

लॉगमध्ये दोन गोष्टी दिसल्या. ५००० ते ६५०० मध्ये लॅम्बडा ०.८१, म्हणजे फारच रिच. ते त्याच्या मोकळ्या सायलेन्सरचं पेट्रोल, माझ्या गाडीत तेवढी हवा जातच नाही. आणि ८००० च्या वर ०.९२, म्हणजे थोडी लीन. पूर्ण ताकदीसाठी मला ०.८७-०.८८ हवं होतं.

वरचा आकडा लीन का, यावर मी बरेच दिवस घातले. माझी समजूत अशी. मित्राने मॅप बसवला तेव्हा ई१० (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळत होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर ई२० (वीस टक्के इथेनॉल) सुरू झालं आणि आता तेच सगळीकडे मिळतं. ई१० ला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.१ किलो हवा लागते, ई२० ला १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला चारेक टक्के इंधन जास्त हवं. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू हे सावरून घेतो, पूर्ण रेसवर नाही.

उलट्या बाजूने आपली दमट हवा. मे महिन्यात पहाटे २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर वाफेचा दाब सुमारे ३२ हेक्टोपास्कल भरतो, म्हणजे हवेतली तीन टक्क्यांहून थोडी जास्त जागा वाफेने व्यापलेली. जानेवारीतल्या कोरड्या कोल्हापुरात हे निम्म्याहूनही कमी. हवेचा दाब आणि तापमान ईसीयूला कळतं, वाफ कळत नाही. त्यामुळे इथे तोच मॅप दोनेक टक्के रिच चालतो. ई२० ने चार टक्के लीन केलं, उकाड्याने त्यातलं निम्मं परत दिलं. या सड्यावर जानेवारीत वरचा आकडा आणखी लीन दिसणार, हे आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.

मधल्या पट्ट्यातून सहा ते सात टक्के पेट्रोल काढलं, ८००० च्या वर चार टक्के घातलं. वाढवण्याआधी इंजेक्टरची क्षमता तपासली. ९५०० ला एका चक्राला १२.६ मिलिसेकंद मिळतात, इंजेक्टर त्यातले ९.४ उघडा. म्हणजे पंच्याहत्तर टक्के, अजून जागा आहे.

नवी सरासरी २.८३ सेकंद. तीन टक्क्यांचा फरक, आणि त्यातला मोठा वाटा पेट्रोल काढल्याचा. ५५०० ला ओव्हरटेक करताना पिकअपमधला फरक हाताला जाणवतो. अॅव्हरेज परत २८ वर. इग्निशन टायमिंगला हात लावलेला नाही. एवढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनात, मे महिन्याच्या उकाड्यात, नॉक (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकर) ऐकायचं साधन नसताना मी ते करणार नाही.

एक जागा अजून सुटलेली नाही. ४५०० आरपीएम, पाव रेस, जिथे ईसीयू क्लोज्ड लूपमधून बाहेर पडतो. तिथे क्षणभर गाडी अडखळते आणि लॉगमध्ये लॅम्बडा १.०० वरून एकदम ०.९० ला उडी मारतो. शेजारच्या चौकटी एकेक टक्क्याने हलवून पाहिल्या, अडखळणं पुढेमागे सरकतं पण जात नाही. कोणी या पिढीच्या आरसीवर ही जागा गुळगुळीत केली असेल तर किती टक्के आणि कुठल्या चौकटीत ते कळवा. काल मिरगाची पहिली सर आली, सड्यावरचा रस्ता आता शेवाळेल. टाकी काठोकाठ भरून ठेवलीय, म्हणजे आतल्या ई२० चा दमट हवेशी संबंध कमी येईल. फाइल 'रत्नागिरी मे' या नावाने जतन केलीय, पुढच्या ओढी दसऱ्यानंतर.