मुलांच्या कपाटात नेमके किती कपडे असावेत?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातले घर सोडताना मुलांचे हाताला लागतील ते कपडे मी एका पिशवीत भरले. विश्रामबागेत नणंदेकडे पोहोचून पिशवी उघडली, तर सहा वर्षांच्या मुलीचे चार आणि दोन वर्षांच्या मुलाचे सहा जोड निघाले. पुढचे बारा दिवस मुले तेवढ्यावर राहिली आणि चड्ड्या कमी पडल्या, एवढे सोडले तर त्यांचे काहीच अडले नाही. पाणी ओसरल्यावर परत आलो आणि गाळाने माखलेले कपाट रिकामे करताना एकट्या मुलीचे 43 कपडे मोजले. त्यांतले 11 तिने एकदाही अंगात घातले नव्हते. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

तेव्हापासून मी कपड्यांची संख्या ठरवते ती धुण्याच्या आणि वाळण्याच्या दिवसांवरून. आमच्याकडे एक दिवसाआड धुणे होते. एप्रिलमध्ये दोरीवरचा कपडा दोन तासांत कडकडीत वाळतो, जुलैत मात्र त्याच कपड्याला दोन दिवस लागतात. म्हणून धुण्यातले अंतर, पावसाळ्यातले वाळण्याचे दिवस आणि सांडलवंडीसाठी एक-दोन जादा जोड एवढे धरले, की घरात घालायचे सहा जोड पुरतात. आतले कपडे मात्र मी हात आखडता न घेता दहा-दहा ठेवते. बाहेर जाण्यासाठी दोन जोड, सणासाठी एक आणि स्वेटर एकच, कारण पुढच्या थंडीत तो अंगाला येतच नाही. गणवेश दोन, सरकारी शाळांतही समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दोनच गणवेश दिले जातात. हाच आकडा सर्वांना लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. महाबळेश्वरला माझी मावसबहीण राहते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात तिच्या मुलांचे कपडे शेगडीच्या उबेवर वाळवावे लागतात. तिला याच्या दुप्पट कपडे ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे.

खरा कठीण भाग खरेदीचा नव्हता. आमच्या कपाटातले निम्म्याहून अधिक कपडे वाढदिवसाला, दिवाळीला आणि लग्नकार्यातल्या आहेरात आलेले होते. ‘आता कपडे नकोत’ असे मी सांगितले, तेव्हा सासूबाई दुखावल्या, आणि त्यांचे दुखावणे मला समजत होते. नातवंडाला नवे कापड अंगावर घालण्यात त्यांचा जीव होता. शेवटी आमच्यात असे ठरले, की त्यांनी तयार फ्रॉकऐवजी चांगले कापड घ्यावे आणि ते गरजेच्या वेळी शिवून घ्यावे. पाच ते दहा वर्षांच्या वयात मुलांची उंची वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटरने वाढते. आमच्या गल्लीतले शिंपीकाका परकराच्या खालच्या पट्टीत तीन बोटे जादा कापड दुमडून ठेवतात. या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो.

लहान झालेले कपडे धाकट्या भाचरांकडे जातात आणि मऊ झालेले सुती कपडे वाकळेत शिवले जातात. फाटलेला किंवा बटणे तुटलेला कपडा मी कोणालाही देत नाही. महापुरानंतर मदत म्हणून आलेल्या ढिगात तसे कितीतरी शर्ट होते, आणि ते उचलून परत खाली ठेवणाऱ्या बायकांचे चेहरे मी जवळून पाहिले आहेत.

सासूबाईंनी घेतलेल्या खणाच्या कापडाचा परकर मुलीने दोन दिवाळ्या घातला. तिसऱ्या वर्षी तो आखूड झाला, तेव्हा शिंपीकाकांनी माया उसवून तो तीन बोटे खाली सोडला. जुन्या दुमडीची फिकट रेघ त्यावर दिसत होती. मुलीने तिच्यावरून एकदा बोट फिरवले आणि तो परकर नेसून ती आजीला दाखवायला गेली.