तुम्ही विचारलंत म्हणून: दाशरथींचं एवढं काय?

"तेलुगू धड वाचता येत नाही, मग त्या दाशरथींचं एवढं काय घेऊन बसलात?" हे इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी धर्माबादचा. आमच्या बाजारात तेलुगू कानावर पडतच असते, रेल्वेनं बासर ओलांडलं की पुढं निजामाबाद, आणि त्याच निजामाबादच्या जेलात निजामानं तेलुगू कवी दाशरथी कृष्णमाचार्यांना डांबलं होतं.

जन्म १९२५ चा, वरंगळकडच्या चिन्नगूडूरचा, म्हणजे तेव्हा विशी नुकती ओलांडलेला पोरगा. कैद्यांना दात घासायला कोळसा मिळायचा, तर ह्या पठ्ठ्यानं त्याच कोळशानं भिंतीवर पद्य लिहिलं, ते पण थेट 'ए निजाम पिशाच्चा' असं! सोबत तेलुगू लेखक वट्टिकोट आळ्वारुस्वामी होते, पुढं पहिला संग्रह 'अग्निधारा' आला तो त्यांनाच अर्पण केलाय. 'ना तेलंगाणा कोटि रतनाल वीणा' (माझा तेलंगणा म्हणजे कोटी रत्नांची वीणा) ही ओळ पण दाशरथींचीच, वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनात ती घोषणेसारखी चालली. पुढं १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, आस्थानकवीपद (म्हणजे सरकारनं नेमलेला राजकवी), सिनेमाची ढीगभर गाणी, ते सगळं आहेच.

पण मी अडकलो ते भलतीकडंच. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूत, आमच्या मराठवाड्यातली जुनी माणसं पण त्यातूनच गेली आणि कित्येकांच्या मनात उर्दूबद्दल जी अढी बसली ती बसलीच (त्यांना तरी काय नावं ठेवणार). आणि हा माणूस, जो जेलात बसून निजामाला पिशाच्च म्हणाला, तो १९६१ मध्ये गालिबच तेलुगूत घेऊन येतो, 'गालिब गीतालु', वर चित्रकार बापूंची चित्रं! भांडण निजामाशी होतं, गालिबनं काय घोडं मारलं होतं? 'आदमी को भी मयस्सर नहीं इंसाँ होना' (माणसाला पण माणूस होणं जमत नाही) चं त्यांनी केलं 'नरुडु नरुडौट एंतो दुष्करमु सुम्मु'. मोठ्यानं म्हणून बघा, तेलुगू न येता पण अर्थ लागतो की नाही, आणि उसनं तर कुठंच वाटत नाही.

आपल्याकडं सेतुमाधवराव पगडींनी गालिब मराठीत आणला, ते निलंग्याचे, म्हणजे त्याच हैदराबाद संस्थानातले. तेलुगूची धास्ती वाटत असेल तर आधी पगडी वाचा, मग कुणा तेलुगू दोस्ताला गाठून त्याच्याकडून दाशरथी म्हणवून घ्या.