मंगळवार, दुपारी साडेतीन : आमच्या सेव्हन्सची नोंद, आठवडा १४

मागच्या नोंदीला सहा आठवडे झाले. दोन मंगळवार पावसानं खाल्ले, खेळ झाला चारच दिवस. पण या चार दिवसांत संघ जेवढा बदलला, तेवढा आधीच्या आठ आठवड्यांत बदलला नव्हता.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही सातास सात फुटबॉल खेळतो. निम्मे इथले, निम्मे हॉटेलांच्या किचनमध्ये कामाला आलेले नेपाळचे, कैलाली-अछामकडचे. पहिल्यांदा मी रविवारी सकाळी सातची वेळ ठेवली होती. त्यांच्यातलं कुणीच फिरकलं नाही, आणि मला वाटलं पोरांना खेळात रस नाही. शनिवारी रात्री भांडी घासून आडवं व्हायला त्यांना दोन वाजतात, रविवार तर धंद्याचाच दिवस, हे मी विचारलंच नव्हतं. दुपारची जेवणं आवरल्यावर साडेतीन ते पाच एवढीच त्यांची मोकळीक. वार बदलला आणि पहिल्याच मंगळवारी नऊजण आले.

मैदान काळ्या मातीचं. मे महिन्यात भेगांत घोटा अडकायची भीती, आता चिखल. स्टडमध्ये माती भरली की बुटाचा नुसता गोळा होतो. किचनमधल्या एकानं उपाय सांगितला: तळणाचं उरलेलं तेल फडक्यानं तळव्याला पुसायचं. चिखल खरंच कमी धरतो, करून बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की मात्र खेळ बंद. नदीकडेला राहणाऱ्यांना सामान हलवायचं असतं.

आता मुख्य गोष्ट, आवाजाची. आठव्या आठवड्यापर्यंत आमची सलग पासची मजल पाचाच्या वर जात नव्हती. नेपाळची पोरं पायानं आमच्यापेक्षा सरस, पण बॉल मागायची नाहीत. मी चुकलो तर ‘ठीक आहे सर’ म्हणून मान खाली घालायची. जो दिवसभर ऑर्डरी ऐकतो, तो मैदानावर आवाज कसा चढवणार? मग आम्ही इथल्यांनीच त्यांचे शब्द पाठ केले. ‘यता’ म्हणजे इकडे, ‘छिटो’ म्हणजे लवकर, ‘पछाडि मान्छे’ म्हणजे पाठीमागं माणूस. ‘देऊ’ म्हणजे दे, ते तर शिकावंच लागलं नाही. बाराव्या आठवड्यात मी बॉल घेऊन रेंगाळलो आणि मागून तंदूरवाल्याची आरोळी आली, ‘दाइ! पछाडि मान्छे! झोपलाय काय?’ ‘दाइ’ म्हणजे दादा, आणि शेवटचे दोन शब्द चक्क सांगलीचे. त्या दिवशी अकरा पास झाले. तेव्हापासून ‘सर’ गेलं ते गेलंच.

खेळ संपल्यावर तोच सांगत होता. २०२१ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉलच्या फायनलमध्ये मालदीवच्या मालेला भारतानं नेपाळला ३-० हरवलं, तेव्हा तो इथल्याच किचनमध्ये मोबाइलवर बघत होता. बाजूला सगळे जल्लोष करत होते, हा कांदा चिरत राहिला. ‘१९८४ ला पहिल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत काठमांडूत फुटबॉल आम्हीच जिंकलो होतो,’ हे त्यानं पहिल्यांदा आम्हाला ऐकवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, मनापासून.

माझं म्हणाल तर फुटबॉल मला काकांनी दिला. विट्याकडची घरंच्या घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, तसे ते केरळात गेले. मलयाळम येत नव्हतं, पण कापणी झालेल्या भातखाचरात सेव्हन्स चालायचं, तिथं एक गडी कमी पडला की त्यांना हाक यायची. म्हणून आम्हीही सातच खेळतो.

संघाच्या नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. एकजण म्हणतो कृष्णाकाठ, दुसऱ्याला हिमाल हवंय. मी त्यांना साओ पावलोची गोष्ट सांगितली: १९१४ मध्ये इटलीहून गेलेल्यांनी पालेस्ट्रा इटालिया काढला, १९४२ मध्ये युद्धामुळे इटलीचं नाव टाकावं लागलं, आणि तोच क्लब आज पाल्मेरास. एडिनबरात आयरिश लोकांनी १८७५ मध्ये काढलेला हिबर्नियन मात्र लॅटिनमधलं आयर्लंडचं नाव अजून मिरवतोय. ऐकून दोन्ही बाजूंना जोरच चढला. सध्या जर्सीवर फक्त नंबर छापतोय.

पुढच्या मंगळवारी डाव्या बाजूच्या बॅकवर काम करायचंय, तो सारखा आत घुसतो. कुणाकडे आठ नंबरचे जुने बूट किंवा शिनगार्ड पडून असतील तर कळवा. एक पोरगा अजून चपलेवर खेळतोय.