गिपुस्कोआतला उन्हाळा

२५ जून, ऑर्दिसिया (गिपुस्कोआ जिल्हा, उत्तर स्पेन)

बास्क लोकांची भाषा, एउस्करा, शिकायला चाललेय म्हटलं की पुण्यात जो तो एकच वाक्य ऐकवायचा, "ती ना, ती गूढ भाषा!" दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही आणि रोमन लोक लॅटिन घेऊन आले त्याच्या आधीपासून ती या डोंगरांत आहे, हे सगळं खरं. पण इथे आल्यापासून मला एकही गूढ माणूस भेटलेला नाही. आज सकाळी पावाच्या दुकानात दोन बायका गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या, अस्खलित एउस्करात. गुडघ्यांना वय कळतं, भाषेचा उगम कळत नाही.

दोनोस्तियाहून, म्हणजे स्पॅनिशमधल्या सान सेबास्तिआनहून, लोकल गाडी ओरिया नदीच्या काठाने दक्षिणेला येते. समुद्र आणि सर्फिंगवाले मागे पडतात, तोलोसा जातं आणि मग कारखाने सुरू होतात. शेजारच्या बेआसाइनमध्ये तर आगगाडीचे डबेच बनतात. मध्येच हिरव्यागार उतारावर मेंढ्या, त्यांच्या वर १,३४६ मीटरचा चिंदोकी. ढग नसतील तर दिसतो. ढग बहुतेक असतातच. इथला उन्हाळा हा असा. भुरभुर पाऊस दिवसभर पडत राहतो आणि कोणी छत्रीसुद्धा उघडत नाही. सावंतवाडीच्या मुलीला पावसाचं काय सांगता, असं म्हणायला मी तयार होते, पण ओलं होण्याची ही पद्धत वेगळी आहे. भिजलो कधी तेच कळत नाही.

जिच्याकडे राहते त्या बाई सत्तरीच्या. नातू त्यांना आमोना, म्हणजे आजी, म्हणतो. मीही तेच म्हणते.

३ जुलै

आज बुधवार, बाजाराचा दिवस. १५१२ साली गाव आगीत जळालं, त्यानंतर राणी हुआनाने इथे आठवडी बाजार भरवायची परवानगी दिली, आणि तो अजून बुधवारीच भरतो. चौकावर खांबांनी तोललेलं मोठं छप्पर, त्याखाली शेतकरी. इथे ठरलेले भाव आजही जिल्हाभर प्रमाण धरले जातात.

इदिआसाबल चीज घेतलं. लाचा जातीच्या, जमिनीपर्यंत लोंबत्या लोकरीच्या मेंढ्यांचं न तापवलेलं दूध, आणि किमान ६० दिवस मुरवायचं. उन्हाळ्यात हे कळप वर अरालारच्या कुरणात जातात, त्यामुळे विकायला बसलेल्या बाईचा नवरा डोंगरावरच होता. ही माहिती मला माझ्या मोडक्या एउस्करात मिळाली याचा अभिमान वाटला. मग इबार्रा गावच्या हिरव्या मिरच्या घेतल्या. तळून वर जाडं मीठ घालून खातात. आमोनाने काळजीने विचारलं, तिखट लागणार नाही ना? मी ताटलीभर संपवल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघून कोकण काय आणि कोल्हापूर काय, दोन्ही धन्य झाली असती.

वर्गाबद्दल लिहायचं राहतंय. मला वाटलं होतं, माझ्यासारखे परदेशी भाषावेडे भेटतील. आहे एक जपानी मुलगा. बाकी सगळे इथलेच. एक नर्स, एक बसचालक, दोन शिक्षिका, एक नुकता निवृत्त झालेला फिटर. सरकारी नोकरीत बढतीला किंवा बदलीला एउस्कराचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून काही जण आलेत. फिटरकाकांना कसलंच प्रमाणपत्र नको आहे. त्यांचे वडील स्पेनमधल्याच दूरच्या एक्सत्रेमादुरा प्रांतातून कामासाठी आले, घरात स्पॅनिशच. नातवंडं शाळेत सगळं एउस्करात शिकतात आणि आजोबांपासून गुपितं लपवायला तीच भाषा वापरतात. "ती कारटी काय बोलतात ते मला कळलं पाहिजे," एवढंच त्यांचं ध्येय. आतापर्यंत ऐकलेलं भाषा शिकण्याचं सर्वांत पटणारं कारण.

स्पेनमधल्या बास्क स्वायत्त प्रदेशात २०२१च्या पाहणीनुसार सोळा वर्षांवरच्या साधारण ३६ टक्के लोकांना एउस्करा नीट बोलता येते. फ्रान्सच्या बाजूला तिला अधिकृत दर्जाच नाही. इथे आहे, १९७९पासून.

१२ जुलै

व्याकरणात सुखावले. "मी आले" म्हणताना कर्ता 'नी' आणि "मी सफरचंद खाल्लं" म्हणताना 'निक'. कर्माला पोचणारी क्रिया असली की कर्त्याला शेपूट. जर्मन आणि फ्रेंच शिकून आलेले इथे डोकं धरून बसतात. मी मनात म्हटलं, ती आली, तिने खाल्लं. यात काय अवघड? आमच्या आजीच्या तोंडी तर "म्यां केलं" होतंच. मराठीत हे फक्त भूतकाळात चालतं, एउस्करात सगळ्या काळांत. क्रियापदही शेवटी. शब्दयोगी अव्ययांसारखे प्रत्यय नामाच्या मागे. एकूण आठवडाभर मी वर्गातली हुशार मुलगी होते.

मग 'एमान दिस्किसुत' आलं. "मी तुला त्या दिल्या" हे सगळं दुसऱ्या शब्दात कोंबलेलं: देणारी मी, घेणारी तू, दिलेल्या वस्तू अनेक. प्रत्येक तुकडा क्रियापदात बसलेला. हुशारी तिथे संपली. बसचालक म्हणाला, मी चाळीस वर्षं इथे राहून हे चुकवतो, तू निवांत राहा.

त्याहून मजेदार गोष्ट आमोनाकडून कळली. एउस्करात लिंग नाही. तो आणि ती एकच. पण अगदी जवळच्या माणसाशी बोलायची एक वेगळी रीत आहे, आणि त्या रीतीत ऐकणारा पुरुष की बाई यावरून क्रियापद बदलतं. वाक्यात त्याचा काही संबंध नसला तरी. मी आले, हे पुरुषाला सांगायचं तर 'एतोर्री नाउक', बाईला सांगायचं तर 'एतोर्री नाउन'. मराठीत बोलणारीचं लिंग दिसतं, इथे ऐकणारीचं. आमोनाच्या भावांमध्ये ही बोली सर्रास चालायची. मुलींनी बायकांशी ती बोलणं मात्र गावंढळ, असं घरात बजावलेलं, म्हणून बायकांचं रूप मागे पडलं. आता आस्पेइतियाकडे तरुण बायका मुद्दाम जमून तेच रूप शिकतायत. मी आमोनाला म्हटलं, माझ्याशी बोला ना तसं. त्या हसल्या, म्हणाल्या, आधी भांडण होऊ दे आपलं एकदा.

२६ जुलै

सांता आनाचा दिवस, गावची जत्रा. त्या वर्षात लग्न झालेली जोडपी चौकात येऊन नाचतात, हा इथला जुना रिवाज. नवऱ्या मुलांच्या कपाळावर घाम बघून हसू आलं, सगळ्या गावासमोर पावलं चुकायची नाहीत.

पण माझ्यासाठी दिवस उजाडला तो बेर्त्सोलारी, म्हणजे उभ्या उभ्या कविता रचून गाणारे, आल्यावर. दोन कवी, एक माइक, मागे विषय देणारी बाई. तिने सांगितलं: तू म्हातारी आई, तू तिला वृद्धाश्रमात सोडायला आलेली मुलगी. दोघींनी काही क्षण जमिनीकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली. चाल ठरलेली, मात्रा ठरलेल्या, एका कडव्यात यमक चारदा. लिहिलेलं काही नाही. शिक्षिकेने नंतर गुपित सांगितलं: शेवटची ओळ आधी रचायची, कारण घाव तिथे बसतो, मग बाकीच्या ओळी तिच्यापर्यंत न्यायच्या. श्रोत्यांना ती ओळ येतेय हे आधीच जाणवतं आणि शेवटचे शब्द सगळा चौक बरोबर म्हणतो. अंगावर काटा. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब मी लहानपणी जत्रेत ऐकलेत, शेवटचा तडाखा देताना शाहीर असाच क्षणभर थांबायचा. फरक एवढाच की इथे या कलेच्या शाळा आहेत, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीला हजारोंनी लोक तिकीट काढून जातात. ती २००९ साली पहिल्यांदा एका बाईने जिंकली, मायालेन लुहानबियोने. नंतर आणखी दोनदा. मला अर्धं कळलं असेल. त्या अर्ध्यावरच मी रडले, तेव्हा पूर्ण कळलं असतं तर काय, कोण जाणे.

३१ जुलै

जेझुइट पंथ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसचा दिवस, सुट्टी. आस्पेइतियाजवळ लोयोलाला गेलो. प्रचंड घुमट, आणि आत इग्नेशियसचं मूळ घर जपून ठेवलेलं. गोव्याला जाऊन-येऊन असलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. पॅरिसमध्ये इग्नेशियसला भेटलेला फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नाफार्रोआचा, म्हणजे नवाराचा, १५०६ साली शाबिएरच्या किल्ल्यात जन्मलेला. १५४२च्या मे महिन्यात गोव्यात उतरला आणि पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेला. तिथून युरोपात पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलंय की या लोकांची भाषा मलबारी आणि माझी बिस्काई, त्यामुळे आमचं एकमेकांना काही कळत नाही. बिस्काई म्हणजे एउस्कराच. जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या फेस्ताला मी कितीदा तरी गेलेय, पण तिथे ठेवलेल्या त्या देहाची मातृभाषा ही होती, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमोनाला गोवा माहीत आहे तो फक्त त्याच्यामुळे. बीच वगैरे त्यांच्या कानावरही नाही.

८ ऑगस्ट

हे लिहू की नको, असं करत होते.

ज्या गावात मी नाच पाहिला, त्याच गावात १० सप्टेंबर १९८६ला, उत्सव चालू असताना, योयेसला गोळ्या घातल्या. तिचं खरं नाव मारिया दोलोरेस गोन्सालेस कातारायन, ती इथलीच. बास्क स्वातंत्र्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना एता, तिच्या नेतृत्वात पोचलेली पहिली बाई. नंतर तिने संघटना सोडली आणि १९८५मध्ये गावी परतली. तिला मारणारी संघटना तीच. बरोबर तिचा तीन वर्षांचा मुलगा होता.

मी हे वाचून आले होते, पण विचारणं जमत नव्हतं. आज आमोनाच बोलल्या, भांडी पुसता पुसता. त्या दिवशी मी गावातच होते, म्हणाल्या. पुढची कित्येक वर्षं कोणी या विषयावर मोठ्याने बोललं नाही; बाजारात चीज घेताना शेजारी कोण उभं आहे हे बघून बोलायचं. एताने २०११मध्ये शस्त्रं थांबवली, २०१८मध्ये स्वतःला विसर्जित केलं. बाल्कन्यांवर एताच्या कैद्यांसाठीचे फलक अजून दिसतात. मला इथली भाषा आवडते म्हणून सगळंच आवडून घ्यायचं, असं करता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, एउस्करा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त बॉम्ब आठवतात, तेही सहन होत नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळेत ही भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायची, आमोना त्यातल्याच.

१५ ऑगस्ट

तिकडे झेंडावंदन, इकडे मेरीमातेचा सण. आमोनाच्या गाडीतून अरांत्सासूला गेलो, ओन्यातीच्या वर, वळणावळणाचा रस्ता, कड्यावरचं मंदिर. दर्शनी भिंतीवर शिल्पकार ओतेइसाचे चौदा प्रेषित, पोकळ पोटांचे. बारा हवे होते, त्याने चौदा केले. चर्चच्या वरिष्ठांना ते इतके रुचले नाहीत की दगड वर्षानुवर्षं रस्त्याकडेला पडून होते. १९६९ साली बसवले.

त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९६८मध्ये, इथे भाषा अकादमी जमली आणि प्रमाण लेखनाचा पाया ठरला. भाषाशास्त्रज्ञ कोल्दो मिचेलेनाने मांडणी केली. भांडण कशावरून, तर 'ह'वरून. उत्तरेकडचे, म्हणजे फ्रान्सच्या बाजूचे, तो उच्चारतात, इकडचे नाही; मग लिहायचा का? काही लोकांना तो 'ह' म्हणजे धर्मावर घालाच वाटला. आपल्याकडे शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनंतर अनुस्वारांवरून जे झालं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना नवल वाटणार नाही. आमोना तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या आणि त्यांना एउस्कराचं कुठलंच अक्षर शिकवलेलं नव्हतं, 'ह'सह किंवा 'ह'विना. जन्मभर बोललेली भाषा लिहायला त्या पन्नाशीत रात्रवर्गात शिकल्या. बाजाराची यादी अजून स्पॅनिशमध्येच करतात, हात तसा वळलाय म्हणतात.

२१ ऑगस्ट

शेवटचा बाजार. चीजवाल्या बाईचा नवरा या वेळी खाली आला होता, त्याच्याशी मेंढ्यांबद्दल बोलले. दोनदा स्पॅनिशकडे वळला, दोनदा परत आणला.

उद्या तोंडी परीक्षा. विषय स्वतः निवडायचा होता, मी मराठीतला 'ने' घेतलाय. फिटरकाका 'नातवंडांची गुपितं' यावर बोलणार आहेत आणि त्यांनी आत्तापर्यंत काय काय ऐकलं ते कोणालाच सांगत नाहीयेत.