ईयोबाचा बेचाळिसावा अध्याय

मिशिगनमधल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात मी एम.ए. करतेय आणि दुपारी तिथल्याच रायटिंग सेंटरमध्ये बसते. मुलं निबंध घेऊन येतात, सोबत त्या विषयाचा सिलॅबस. त्यात हल्ली चॅटबॉटबद्दल एक परिच्छेद असतोच, पण प्रत्येक प्राध्यापकाचा नियम वेगळा. कुणाची सरळ बंदी, तर कुणी म्हणतं, वापरा, पण कुठे वापरलात ते लिहा.

माणूस जितका धार्मिक तितका तो नव्या यंत्राला बिचकणार, असा माझा समज होता. तो पहिल्याच सत्रात मोडला. बंदी घालणाऱ्या बायबलच्या बाई आणि मुभा देणारे नर्सिंगचे सर, दोघंही तास प्रार्थनेनं सुरू करतात. बाई उत्पत्ती १:२७ सांगतात: देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, म्हणून विचार करण्याचे कष्ट दुसऱ्यावर ढकलायचे नाहीत. सर पुढचंच वचन घेतात. सृष्टी माणसाच्या हाती सोपवली आहे, मग साधनं नीट वापरणं हेही कारभारीपणच. त्यांच्या वर्गात चॅटबॉट रुग्ण होतो आणि मुलं त्याला प्रश्न विचारायचा सराव करतात. मात्र मरणाच्या दारातल्या रुग्णाजवळ बसून आल्यावर जे लिहायचं, ते स्वतःच लिहायचं. तिथे सरांचीही बंदी आहे.

वाद अर्थात आमच्या कॉलेजपुरता नाही. सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथानं जून २०२३ मध्ये याच विषयावर ठराव केला, व्हॅटिकननं जानेवारी २०२५ मध्ये सविस्तर टिपण काढलं. पोप चौदावे लिओ यांनी तर आपलं नाव निवडतानाच कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार केला होता. १८९१ मध्ये कामगारांची बाजू मांडणारे पोप तेरावे लिओ त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

मला मात्र आठवतो तो एक निबंध. बाई एका मुलाला घेऊन सेंटरमध्ये आल्या. त्याच्या निबंधात चॅटबॉटनं दिलेला ईयोब ४२:२१ असा संदर्भ होता, म्हणजे सर्वस्व गमावलेल्या ईयोबावरच्या बायबलमधल्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय, एकविसावं वचन. बाईंनी बायबल उघडलं आणि बोट ओळींवरून खाली नेलं. सतराव्या वचनाशी अध्याय संपला, पुस्तकही संपलं. पुढे स्तोत्रसंहिता. मुलगा लालबुंद झाला. बाई रागावल्या नाहीत. ‘देव ईयोबाशी अडतिसाव्या अध्यायात बोलायला लागतो,’ त्या म्हणाल्या, ‘तोवरचे सदतीस वाच आणि सोमवारी ये.’

मी बाईंच्या बाजूची आहे. तरी एक खटकतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही ती मुलं नुसतं व्याकरण तपासायलाही चॅटबॉटकडे जातात, आणि सरसकट बंदीमुळे तेही लपवतात. लपवलेली गोष्ट शिक्षकाला सुधारता येत नाही. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी ते सिलॅबसच्या समासात लिहून घेतलं. नियम अजून तोच आहे.

सोमवारी मुलगा हातानं लिहिलेली दोन पानं घेऊन आला. ईयोबाच्या तीन मित्रांबद्दल लिहिलं होतं. पुढे ते पानंच्या पानं बोलतात, पण त्याआधी सात दिवस, सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहतात. त्या बसण्यावरच त्यानं दीड पान खर्च केलं होतं. व्याकरण बऱ्याच ठिकाणी घसरलं होतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्या ओळीपासून त्याच्याबरोबर वाचायला लागले.