मॉन्टसेरात: तीन खोल्यांतला आल्बम आणि एक बंद फाटक

मॉन्टसेरात या कॅरिबियन बेटावर लोक ज्वालामुखी पाहायला जातात. मी गेले ती 'द पोलिस' या ब्रिटिश बँडच्या 'सिंक्रोनिसिटी' या आल्बमचे ध्वनिमुद्रण जिथे झाले, ते घर पाहायला. ते घर आत जाऊन पाहता येत नाही, हे मला निघण्यापूर्वीच ठाऊक होते. तरीही निदान फाटकापर्यंत जावे, एवढी ओढ या आल्बमने लावली होती. माझे धाकटे मामा मार्च १९८० मध्ये मुंबईत झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाला हजर होते आणि पुढे त्यांच्याकडे आलेली 'सिंक्रोनिसिटी'ची कॅसेट आमच्या आजोळी इतकी वाजली, की तिचा एक भाग कायमचा गुरगुरू लागला. त्या गुरगुरण्यासकट मला तो आल्बम पाठ आहे.

शेजारच्या अँटिग्वा बेटाहून जाणारे विमान इतके छोटे असते, की आधी प्रवाशांचे वजन विचारतात आणि त्या हिशेबाने त्यांना बसवतात. हे उत्तर अनोळखी माणसांच्या रांगेत उभे राहून मोठ्याने द्यावे लागते, याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी इथे नोंदवून ठेवते. उड्डाण जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचे. उतरल्यावर मात्र या बेटाने इतक्या आपुलकीने वागवले, की राग टिकला नाही. लवंगेचा वास असलेले, आपल्या मटणाच्या पातळ रश्शाच्या जवळ जाणारे 'गोट वॉटर' मी जवळजवळ रोज प्यायले. किनारे आणि जंगलातल्या पायवाटा यांच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, ते तिथे वाचावे.

बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये बेलहॅम खोऱ्याच्या वरच्या टेकडीवर एअर स्टुडिओ सुरू केला. लंडनच्या गर्दीपासून आणि फोनपासून दूर, पोहण्याचा तलाव, समुद्राचे दर्शन आणि उत्तम यंत्रसामग्री, अशी ती कल्पना होती. एल्टन जॉन, पॉल मॅकार्टनी, डायर स्ट्रेट्स, अगदी शेवटी रोलिंग स्टोन्स असे सगळे तिथे येऊन गेले. माझ्या वयस्कर टॅक्सीचालकाच्या मते ते येत, याचे कारण इथे त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे. हे त्याने अशा काही थाटात सांगितले, की वळून न पाहण्याचे श्रेय त्याला व्यक्तिशः मिळायला हवे होते.

या शांत जागी डिसेंबर १९८२ मध्ये 'द पोलिस'मधली तीन माणसे आली, तेव्हा त्यांना एकमेकांचा सहवास नकोसा झाला होता. गायक स्टिंग गाणी जवळपास पूर्ण बांधूनच आणत असे. ड्रमर स्ट्युअर्ट कोपलँड आणि गिटारवादक अँडी समर्स यांना त्यात स्वतःची जागा शोधावी लागे. मग ध्वनिमुद्रणासाठी तिघांची तीन ठिकाणी रवानगी झाली: कोपलँड ड्रमसह वरच्या जेवणघरात, समर्स स्टुडिओच्या मुख्य दालनात आणि स्टिंग बास गिटार घेऊन थेट नियंत्रण कक्षात. यामागे तांत्रिक कारण होते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरत नसे आणि जेवणघरात ड्रमना चांगली गुंज मिळे. पण भांडणाचीही त्यामुळे सोय झाली, असे मला वाटते. सहनिर्माते ह्यू पॅडघम यांनी पुढे सांगितले, की दोन आठवडे उलटले तरी ऐकवण्याजोगे काही टेपवर नव्हते. अखेर बँडचे व्यवस्थापक आणि कोपलँडचे थोरले भाऊ माइल्स यांना बेटावर यावे लागले आणि काम पुढे न्यायचे की थांबवायचे, याची बैठक तलावाच्या काठी झाली.

काम पुढे गेले, आणि त्यातून 'एव्हरी ब्रेथ यू टेक' निघाले. हे गाणे स्टिंगने जमैकात, जेम्स बाँडचे लेखक इयान फ्लेमिंग यांच्या जुन्या घरात राहून लिहिले होते; मॉन्टसेरातला त्याच्या ठेक्यावरून स्टिंग आणि कोपलँड यांची जुंपली आणि ड्रमचा एकेक भाग सुटा वाजवून वर चढवावा लागला. गिटारचे काय करायचे, हे स्टिंगने शेवटी समर्सवर सोपवले आणि ज्या सुरावटीवरून जगभर हे गाणे ओळखले जाते, ती समर्सने एका दमात वाजवली. लग्नांत हौसेने वाजवले जाणारे हे गाणे प्रत्यक्षात पाळत ठेवणाऱ्या माणसाचे आहे, हे स्टिंगने अनेकदा सांगूनही लग्ने थांबलेली नाहीत. आल्बमचे उरलेले काम कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाले. जून १९८३ मध्ये तो बाहेर आला, अमेरिकेत एकूण १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि तेही मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' बाजारात असताना. त्यानंतर या तिघांनी एकही नवा आल्बम केला नाही.

मला त्या घरात जेवणघर आणि नियंत्रण कक्ष यांच्यातले अंतर चालून पाहायचे होते. 'सिंक्रोनिसिटी' ऐकताना प्रत्येक वाद्याभोवती जी मोकळी, थंड हवा जाणवते, ती त्या अंतराची आहे, असे माझे जुने मत आहे. पंकची घाई आणि रेगेचा ठेका घेऊन निघालेला हा बँड इथे जवळजवळ निर्विकार सफाईला पोहोचतो, आणि न्यू वेव्ह या पंकनंतरच्या रॉक प्रवाहातून पुढे आलेल्या कितीतरी बँडनी ही सफाई उचलली. फाटकापाशी मात्र धोक्याची सूचना देणारी पाटी, वर जाणारी वाट आणि माजलेली झाडी एवढेच होते. सप्टेंबर १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळाने स्टुडिओ मोडला. मार्टिन यांनी परत येऊन पियानोचे झाकण उघडले, तेव्हा पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढली होती. पुढे १९९५ पासून ज्वालामुखी जागा झाला आणि डागडुजीचा विषयच संपला. छप्परे धोकादायक आहेत, हे मला पटते. पण ज्या बेटाच्या पर्यटनाच्या जाहिरातीत या स्टुडिओचा उल्लेख हटकून असतो, त्याने निदान सुरक्षित अंतरावरून इमारत दिसेल असा एक चौथरा बांधायला हरकत नव्हती. चालकाने गाडी वळवताना मला ऐकवले, की राजधानीच गाडली गेली आहे, तिथे चौथरा कोण बांधणार?

दुपारी त्याने मला गॅरिबाल्डी टेकडीवर नेले, तेव्हा त्याचे म्हणणे पटले. खाली राखेच्या आणि चिखलाच्या थरांत बुडालेली ती राजधानी, प्लिमथ, दिसत होती. जून १९९७ च्या उद्रेकात १९ माणसे गेली आणि बेटावरची बहुतांश वस्ती परागंदा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्टिन यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मदतीसाठी मैफल भरवली, तिच्यात स्टिंगही गायला. लिटल बे इथले सांस्कृतिक केंद्र मार्टिन यांच्याच पुढाकाराने उभे राहिले आहे. तिथे स्टुडिओत येऊन गेलेल्या काही संगीतकारांच्या हातांचे ब्राँझचे ठसे भिंतीवर लावले आहेत. ठसे मला कधीच काही सांगत नाहीत. मी ते पाच मिनिटांत पाहून संपवले.

मुक्काम ऑल्व्हेस्टन हाऊसमध्ये होता. हे मार्टिन यांचे घर, आता तिथे पाहुण्यांची सोय आहे आणि जेवण फार चांगले मिळते. शेजारच्या टेबलावर एक इंग्रज दांपत्य होते, तेही याच आल्बमसाठी आलेले, आणि दहा गाण्यांची एलपी हाच खरा आल्बम, असा त्यांचा ठाम दावा होता. मामांच्या कॅसेटवर अकरावे गाणे आहे, 'मर्डर बाय नंबर्स'. स्टिंग आणि समर्स यांनी मिळून लिहिलेले हे गाणे एकाच फेरीत ध्वनिमुद्रित झाले, आणि या आल्बममध्ये तिघे खरोखर एकत्र वाजवत आहेत असे मला फक्त तिथेच वाटते. इंग्रज गृहस्थ त्याला पुरवणी म्हणत राहिले. मी गोड पदार्थ येईपर्यंत मुद्दा सोडला नाही, आणि त्यांनीही सोडला नाही.